रस्त्याची माती कुठून येते?

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत रस्ता रुंद व्हायला लागला की आपल्या बाजारपेठांत दोनच गोष्टी बोलल्या जातात. दुकान राहणार की जाणार, आणि गिऱ्हाईक बायपासने परस्पर निघून जाणार की काय. दोन्ही चिंता खऱ्या आहेत. परंतु रस्ता गावाला काय देऊन जाऊ शकतो, हा हिशेब आपण मांडत नाही. तो मशीन येण्याआधीच मांडावा लागतो.

पहिली बाब मातीची. भरावाला हजारो ट्रक मुरूम लागतो. ठेकेदार तो जवळच्या टेकडीतून नाहीतर पडीक जमिनीतून उचलतो आणि मागे खड्डे सोडून जातो. बुलढाणा जिल्ह्यात २०१७-१८ च्या सुमारास वेगळी वाट काढण्यात आली. महामार्गासाठी लागणारी माती व मुरूम तलाव आणि नाले खोल करून घेतला गेला. ठेकेदाराला माल मिळाला, सरकारचा खोदाईचा खर्च वाचला आणि गावाचा पाणीसाठा वाढला. यालाच पुढे 'बुलढाणा पॅटर्न' हे नाव पडले.

आमच्या मते ही रीत सर्वांत जास्त शोभेल ती आपल्याच भागाला. नागभीड, सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी, आरमोरी हा मालगुजारी तलावांचा पट्टा. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि हे 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, सरकारजमा झाले. पुढे कितीतरी तलाव गाळाने उथळ झाले. त्यांच्यावर धानाचे ओलीत आणि ढिवर बांधवांची मासळी अवलंबून आहे. धान गेले की राइस मिल थंडावते, आठवडी बाजारात कापडवाला आणि भांडीवाला माशा मारत बसतो, टेलरची सणाची शिलाई बुडते. तलाव शेतकऱ्याचा, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून चालणार नाही. शिवाय पाण्याची सोय करणे आपल्याकडे सदका-ए-जारिया मानले जाते.

यात दक्षता मात्र हवी. वरचा गाळ भरावाला चालत नाही. तो शेतात जावा. ठेकेदाराने खालचा मुरूम न्यावा. पाळीला लागून खणू नये, आणि खोली अभियंत्याने ठरवावी, कारण जास्त खणले तर पाणी जिरून तलाव लवकर आटतो. नव्या भरावाने तलावाकडे येणारा ओहोळ अडत असेल तर मोरी मागून घ्यावी. ग्रामसभेचा ठराव आधीच झालेला असावा.

दुसरी बाब राखेची. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या वीज केंद्रातून राखेचे डोंगर निघतात. १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने ही राख रस्ते व बांधकामात वापरण्याचे बंधन घातले. २०१६ मध्ये त्याची हद्द ३०० किलोमीटरपर्यंत वाढली. जितकी राख भरावात जाईल तितका मुरूम वाचतो. पण तिच्या बाजूंना मातीचे आवरण हवे, नाहीतर ती उडून आपल्याच दुकानात येते.

जनावरांचेही तसेच. नागपूर-सिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलात रस्ता उचलून खालून वाट ठेवली आहे आणि वाघ तिथून ये-जा करतात. आपल्या जंगलपट्ट्यातही ही मागणी गैर नाही.

आता दुकानाविषयी. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेताना कलम ३-अ ची अधिसूचना दोन वृत्तपत्रांत निघते. त्यांपैकी एक स्थानिक भाषेतले असते. राजपत्रात ती आल्यापासून २१ दिवसांत हरकत घेता येते. हे दिवस आपले बांधव चर्चेत घालवतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमीनमालकाबरोबर तीन वर्षांपासून तेथे काम करून पोट भरणारा भाडेकरू व कारागीरही बाधित धरला आहे. कारागीर व छोट्या व्यापाऱ्याला किमान २५,००० रुपये एकरकमी अनुदानाची तरतूद आहे, आणि २०१५ पासून ती महामार्गांनाही लागू झाली. रक्कम मोठी नाही, पण तीन वर्षांचा पुरावा नसेल तर तीही हाती येत नाही. सरकारी जागेवरील टपरीचा प्रश्न वेगळा आहे, त्यावर पुढे कधी लिहू. तूर्त भाडेपावत्या, वीजबिले आणि गुमास्ता लायसन्स एका फाइलीत लावून ठेवावे.