फिश टँकमधला शेजार

भगिनींनो, फिश टँकची हौस आता फक्त पुण्या-मुंबईची राहिलेली नाही. आमच्या चंदगडसारख्या तालुक्याच्या गावीही नव्या बंगल्याच्या दिवाणखान्यात टाकी दिसते. कुणी वास्तुशास्त्राच्या सांगण्यावरून ठेवतं, कुणी मुलांच्या हट्टापायी. बेळगावला किंवा कोल्हापूरला गेलं की पाण्याने फुगलेल्या पिशवीतून बोटभर लांबीची चार-पाच पिल्लं घरी येतात. आणणारे निराळे असतात. पुढे काच पुसणं, पाणी बदलणं, खाणं घालणं मात्र आपल्याच गळ्यात पडतं. म्हणून टाकीत कोण कोणासोबत राहणार, हे ठरवतानाही आपणच पुढे व्हावं, असं मला वाटतं.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. दुकानातली पिल्लं सगळी सारखीच दिसतात. फरक पडतो तो सहा महिन्यांनी. ऑस्कर घ्या. दीड-दोन इंचाचं गोजिरवाणं पिल्लू वर्षभरात नऊ-दहा इंचांचं होतं, पुढे फूटभर. चंदेरी अरोवाना अडीच-तीन फुटांवर जातो. ‘शार्क’ म्हणून जो काळसर, चपळ मासा हौसेने देतात, तो खरा शार्क नव्हेच, तो पंगास. हॉटेलात ‘बासा’ म्हणून ज्याचे तुकडे ताटात येतात तोच! तो तीन फुटांच्याही वर वाढू शकतो. आणि पिरान्हा सांगून कित्येकदा गळ्यात मारतात तो आपल्या बाजारातला रूपचंद असतो. त्याला घरच्या टाकीत ठेवणं म्हणजे म्हैस गॅलरीत बांधण्यासारखंच.

आता हे मोठे मासे शेजाऱ्याला का गिळतात? दुष्टपणा म्हणून नव्हे हो. आपल्या नदी-तळ्यांतली मरळ पाहा. वेलीझुडपांच्या आडोशाला निपचित पडून असते आणि लहान मासा टप्प्यात आला की तोंड उघडते. पाण्याबरोबर मासाही आत! ऑस्कर, अरोवाना यांचीही रीत हीच. जे तोंडात मावेल ते अन्न. तेव्हा गप्पी, निऑन, मॉली असली चिमुकली मंडळी त्यांच्यासोबत सोडलीत, तर सकाळी टाकी रिकामी दिसणार. गोल्डफिशचंही तेच. शिवाय गोल्डफिशला थंड पाणी मानवतं आणि ऑस्करला ऊबदार लागतं, म्हणजे हा जोड मुळातच विजोड. काही जण मुद्दाम गोल्डफिश खायला घालतात, तेही टाळावं. त्याच्या मांसात ‘ब-1’ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, आणि दुकानातले रोग फुकटात घरी येतात ते वेगळंच.

मग सोबती निवडायचा कसा? पत्रिका जुळवताना आपण मुलामुलीचं आजचं रूपच पाहत नाही, घराणं पाहतो. इथेही शेजाऱ्याचं पूर्ण वाढीचं माप पाहावं. मोठ्या माशाच्या तोंडात मावणार नाही इतकं त्याचं अंग उंच किंवा रुंद हवं, नुसती लांबी असून भागत नाही. ऑस्करबरोबर सिल्व्हर डॉलर चांगला जमतो. त्याचं अंग रुपयासारखं उभट आणि चपटं असतं, पाच-सहा इंचांचा होतो, आणि वनस्पती खाणारा असल्याने कुणाच्या वाटेला जात नाही. पण तो कळपाचा मासा. पाच-सहा एकत्र असले तरच निवांत राहतो.

दुसरं, कोण कुठल्या थरात वावरतो ते पाहावं. अरोवाना पाण्याच्या वरच्या थरात फिरतो, ऑस्कर मधे आणि खाली, मांगूरजातीचे बरेच मासे तळाशी. तिघांचे रस्ते वेगळे, म्हणून तंटे कमी. चाळीत वरच्या आणि खालच्या बिऱ्हाडाचं जमतं, तसंच. मात्र अरोवानाच्या टाकीला घट्ट झाकण हवंच. त्याच्या उड्या पाहिल्यात तर थक्क व्हाल.

तिसरी बाब स्वभावाची. डोक्यावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न ‘भाग्याचा’ म्हणून महाग विकला जातो. मला विचाराल तर तो एकटाच बरा. त्याला शेजार खपत नाही. ऑस्करचेही तीन आणलेत, तर दोघांची जोडी जमते आणि तिसऱ्याला मार बसतो. नवा मासा सोडण्याआधी टाकीतले दगड-गोटे इकडचे तिकडे करावेत, म्हणजे जुन्या माशाची ‘माझी जागा’ मोडते. दिवा मालवून संध्याकाळी सोडावं. तत्पूर्वी तीन-चार आठवडे वेगळ्या टबात ठेवावं, म्हणजे रोग असेल तर तिथेच कळेल.

आता तो ‘सकर’. काचेला चिकटलेला काळा, खरबरीत मासा. तो टाकी साफ ठेवतो, असं दुकानदार सांगतो आणि आपल्याला हायसं वाटतं. पण तो शेवाळ खातो तेवढीच घाणही करतो, आणि दीड फुटापर्यंत वाढतो. रात्री मोठ्या, संथ माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर चोखण्याची खोडही काहींना असते. शिवाय त्याचे कठीण काटे ताठ उभे राहतात. एखाद्या अधाशी माशाने सकर गिळायचा प्रयत्न केला, तर ते काटे घशात अडकून दोघेही जातात.

जागेचा हिशेब यजमानांसमोर कागदावर मांडा. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशा टाकीत सुमारे 255 लिटर पाणी मावतं, म्हणजे तेवढेच किलो वजन. काच आणि वाळू निराळी. एका ऑस्करला एवढी टाकी लागतेच, शेजारी हवे असतील तर आणखी मोठी. अरोवानासाठी सहा फूट लांब, दोन फूट रुंद टाकीही पुढे अपुरी ठरते. शोकेसच्या फळीवर हे वजन ठेवायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

मोठे मासे खातात भरपूर, म्हणून घाणही भरपूर. गाळणी नवी असताना तिच्यात उपयोगी जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया साचतो आणि मासे गुदमरतात, म्हणून सगळी मंडळी एकाच दिवशी सोडू नयेत. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावं. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मग घालावं, कारण क्लोरीन माशांना बाधतं. आमच्या भागात पावसाळ्यात वीज जाते ती तासन्‌तास, तेव्हा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्यावा आणि त्या दिवशी खाणं घालू नये. हिवाळ्यात हीटर हवा. हे मासे 24 ते 28 अंशांतले.

लाल किंवा सोनेरी आशियाई अरोवानाची भुरळ पडली तर आधी कागदपत्रं मागा. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत, आणि 2022 च्या कायदा-दुरुस्तीनंतर असे प्राणी बाळगणाऱ्याने नोंदणी करणं आवश्यक आहे.

राहिला शेवटचा प्रश्न: मासा टाकीत मावेनासा झाला की काय करायचं? पुष्कळ जण पुण्य समजून तो नदीत सोडून देतात. तसं मुळीच करू नका. केरळात 2018 च्या महापुरात पाळलेले परदेशी राक्षसी मासे वाहून चालकुडी नदीत गेले. सकर तर आपल्या उजनी धरणातही पोचला आहे, आणि त्याच्या काट्यांनी कोळ्यांची जाळी फाटतात. आमची ताम्रपर्णी पुढे घटप्रभेला आणि घटप्रभा कृष्णेला मिळते. इथे सोडलेला मासा इथेच राहील, याची काय खात्री?

तेव्हा पिशवीला गाठ मारण्याआधीच दुकानदाराला विचारून ठेवा, ‘मोठा झाला तर परत घ्याल का?’ तो नाही म्हणाला, तर दुसरं दुकान पाहा.