भरतीची वाट पाहणारं गाव

नवऱ्याची ओसाकाला बदली झाली आणि मीही त्याच्यासोबत गेले. आठवडाभर त्याचं ऑफिस, माझा भाषेचा क्लास. हातात उरायचे ते शनिवार-रविवार. एकदा त्याने विचारलं, "या वेळी कुठे जाऊया?" मी म्हटलं, "समुद्र पाहिजे आणि गर्दी नको." गोव्यात वाढलेल्या माणसाला बरेच दिवस समुद्र दिसला नाही की काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. शोधता शोधता तोमोनोउरा हे नाव सापडलं.

ओसाकाहून शिनकान्सेनने तासाभरात फुकुयामा स्टेशन येतं. तिथून बसने अर्धा तास. गावात शिरताना रस्ता इतका अरुंद होतो की समोरून गाडी आली तर एकाला मागे जावंच लागतं. नवरा सिव्हिल इंजिनीअर. तो लगेच म्हणाला, "इथे एक पूल बांधायला हवा होता." हे वाक्य आम्हाला दोन दिवस पुरलं.

आधी हे गाव इथे का वसलं ते सांगते. होन्शू, शिकोकू आणि क्यूशू या तीन बेटांच्या मधोमध सेतो नावाचा आतला समुद्र आहे. भरतीचं पाणी त्यात पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून, दोन्ही तोंडांनी शिरतं आणि तोमोनोउराच्या आसपास एकमेकांना भेटतं. सुकती लागली की ते पुन्हा दोन्ही दिशांना परत जातं. शिडाच्या जहाजांना हे फार सोयीचं होतं. पश्चिमेकडून आलेलं जहाज भरतीबरोबर इथपर्यंत यायचं, पाणी फिरेपर्यंत थांबायचं आणि सुकतीबरोबर पूर्वेला निघायचं. म्हणून या गावाला 'भरतीची वाट पाहण्याचं बंदर' म्हणतात. १५४९ साली गोव्याहून जपानला निघालेले सेंट फ्रान्सिस झेवियर पुढे क्योतोला गेले ते याच समुद्रातून होडीने. त्या काळचा सगळा प्रवास असाच पाण्याच्या कलाने चालायचा.

थांबणाऱ्या माणसांना जेवण, झोपायला जागा, जहाजाची दुरुस्ती, सगळंच लागतं. त्यावर गाव श्रीमंत झालं. सोळा औषधी वनस्पती घातलेलं 'होमेइशू' हे गोड मद्य इथे सतराव्या शतकापासून बनतं. बंदरात दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, अगदी आपल्या घाटासारख्या. पाणी चढो वा उतरो, कुठल्या तरी पायरीशी होडी लागतेच आणि माल उतरवता येतो. पायऱ्यांच्या टोकाला १८५९ सालचा दगडी दीपस्तंभ आहे. लाकडी जहाजाचा तळ किडीने खाऊ नये म्हणून तो आगीने शेकत, त्याचीही जागा इथे राखलेली आहे.

मग वाफेची जहाजं आली. त्यांना भरतीसाठी थांबायची गरज नव्हती. रेल्वे गेली ती फुकुयामावरून. तोमोनोउराचं कामच संपलं. आज आपल्याला जी शांतता गोड वाटते, ती अशी आली आहे.

१९८३ साली बंदराचा काही भाग भराव घालून बुजवायचा आणि त्यावरून पूल न्यायचा असा बेत पुढे आला. त्यावर गावात वर्षानुवर्षं वाद चालला. २००५ मध्ये मियाझाकी हायाओ हे चित्रपट दिग्दर्शक इथे येऊन राहिले आणि २००८ मध्ये त्यांचा 'पोन्यो' आला. बाहेरच्या जगाला गावाचं नाव कळलं. पण पुलाविरुद्ध न्यायालयात गेले ते गावातलेच रहिवासी. २००९ मध्ये हिरोशिमा जिल्हा न्यायालयाने भरावाला परवानगी देऊ नये असा निकाल दिला. हे दृश्य म्हणजे साऱ्या देशाची ठेव आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. २०१२ मध्ये राज्यपालांनी पुलाचा बेत सोडला आणि डोंगरातून बोगदा काढायचा पर्याय पुढे केला.

मला वाटलं, वाद मीच जिंकले! पण आम्ही उतरलो होतो त्या घरगुती गेस्ट हाऊसच्या आजींनी रात्री चहा देताना वेगळंच सांगितलं. "मी पुलाच्या विरुद्ध होते. आमचे हे पुलाच्या बाजूने. ते म्हणायचे, घराला आग लागली तर बंब कसा येणार? जेवताना आम्ही त्या विषयावर बोलायचं बंद केलं." आजोबा आता नाहीत. आजी म्हणाल्या, "बंदर वाचलं याचा आनंद आहे. पण त्यांची काळजी खोटी नव्हती." यावर आम्ही दोघंही गप्प झालो.

सकाळी पायऱ्यांवर बसलो असताना मला क्लासमध्ये ऐकलेली एक गोष्ट आठवली. 'मान्योशू' हा जपानी कवितांचा अतिप्राचीन संग्रह. त्यातला ओतोमो नो ताबितो हा कवी पत्नीसोबत क्यूशूला नोकरीवर गेला. ती तिकडेच वारली. ७३० साली एकटाच परतताना तो तोमोनोउराला आला, तेव्हा जाताना दोघांनी मिळून पाहिलेलं झाड त्याला दिसलं आणि त्यावर त्याने कविता केल्या. नवऱ्याला हे सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "झाड तोडलं असतं तर त्याला आठवायला काय उरलं असतं?" आणि थोड्या वेळाने, "तरी बंबाचा प्रश्न राहतोच."

राहतोच. आपल्याकडे गावातून रस्ता रुंद करायची नोटीस येते तेव्हा आपण एक बाजू पटकन धरतो. दुसऱ्या बाजूचा माणूस पुष्कळदा आपल्याच घरात, आपल्याच ताटाशेजारी बसलेला असतो. त्याचंही ऐकावं, एवढं मी तिथून घेऊन आले.

आम्ही उठलो तेव्हा सुकती लागली होती. आलो तेव्हा पाण्याखाली असलेल्या चार पायऱ्या उघड्या पडल्या होत्या.