ड्रायर गरम होतोय, तरी कपडे ओलेच? आधी हवा तपासा

अमेरिकेतल्या आमच्या भाड्याच्या घरी मागच्या हिवाळ्यात तासभर ड्रायर चालला, तरी जीन्स दमटच निघाली. हीटर गेला असेल असं वाटलं, पण जीन्स हाताला चांगली गरम लागत होती. म्हणजे हीटर ठीक होता. अडली होती हवा! उष्णतेने कपड्यांतल्या पाण्याची वाफ होते, पण ती घराबाहेर गेलीच नाही तर ड्रममध्ये दमट हवाच फिरत राहते.

ड्रायर चालू ठेवून भिंतीबाहेरच्या झडपेपाशी हात धरा. झोत मंद वाटतोय? मग लिंटची जाळी काढून तिच्यावर पाणी ओता. पाणी साचून राहिलं, तर ड्रायर शीटचा मेणचट थर बसलाय. साबण लावून ब्रशने घासा. जाळी स्वच्छ असेल तर प्लग काढून ड्रायर पुढे ओढा. आमचा 4 इंची फॉइलचा पाइप मागे पार चेपला होता.

पाइप सरळ दिसला तरी आत लिंट तुंबलेला असू शकतो. तो लांब ब्रशने काढा, कारण साचलेला लिंट पेट घेतो. थर्मल फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तरी कारण बहुधा हेच. नुसता फ्यूज बदलून पैसे जातील. गॅसचा ड्रायर मात्र पाइप काढून अजिबात चालवू नका, कार्बन मोनॉक्साइड घरात पसरतो.

नवा पाइप कडक धातूचाच घ्या. सांधे फॉइल टेपने जोडा. आत आलेल्या स्क्रूच्या टोकांना लिंट अडकतो.