बगळा कोणता?

आमच्या अहिराणीत पांढरा दिसला की तो 'बगया'. मग तो पांझरेच्या पाण्यात उभा असो की वखरामागे चालत असो. वास्तविक हे दोघे निराळे. रानात गुरांच्या पायांशी घुटमळतो तो गायबगळा. चोच पिवळी, मान आखूड, बांधा ठेंगणा. पावसाळ्याच्या तोंडावर त्याचे डोके, मान व पाठ नारिंगी होते; मग शंकाच नको. पाण्याकाठच्या लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे, पण बोटे पिवळी. चिखलात ती दिसत नाहीत, उडताना पाहावीत. उभा असता मातकट आणि उडताच पांढरा झाला, तर ती ढोकरी समजावी.

गायबगळा गोचिडांसाठी गुरांमागे फिरतो असे म्हणतात. त्याला खरे हवे असतात खुरांनी उडवलेले नाकतोडे. म्हणूनच तो ट्रॅक्टरमागेही तितक्याच इमानाने जातो! पेरणीच्या दिवसांत मात्र बी टिपतो म्हणून पोरे त्याला दगड मारतात. तो दाणा टिपताना मी अजून पाहिलेला नाही. त्याचा आहार किडे, बेडूक, सरडे यांचा. त्याच किड्यांसाठी आपण दुकानातून औषध आणतो, आणि फवारलेले किडे पुन्हा त्याच्याच पोटात जातात.