पायांचा ताल : ज्याचा त्याचा आणि सर्वांचा

हिवाळ्यात शनिवारी रात्री गाण्याची मैफल ऐकायची आणि रविवारी उजाडताच डोंगरवाटेने धावायला जायचे, असा आम्हा तिघांचा गेल्या काही वर्षांचा परिपाठ आहे. आम्ही एकाच प्रयोगशाळेत काम करतो आणि तिघांनीही चाळिशी ओलांडली आहे. आमच्यात कोणी गवई नाही, की कोणी शर्यतीत बक्षीस मिळवलेले नाही. तरीही या दोन छंदांनी मिळून आमच्यापुढे एक प्रश्न टाकला.

मैफलीत अनोळखी शंभर माणसांचे हात समेवर एकदम पडतात. आम्ही तिघे एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखतो, पण आतकरवाडीहून सिंहगडाच्या पायवाटेला लागलो, की आमची पावले काही एका तालात पडत नाहीत. एकदा आमच्यातल्या सर्वांत बुटक्या सोबत्याने हट्टाने उंच सोबत्याच्या टांगेला टांग जुळवली. पहिल्या टेकाडावरच त्याच्या बरगडीखाली कळ आली आणि तो खाली बसला. बसल्या बसल्या त्याने शाळेतली आठवण सांगितली. कवायतीच्या तासाला तो रांगेत सर्वांत शेवटी असे आणि ‘लांब टांगा टाक!’ हे वाक्य त्याने रोज ऐकलेले होते. आपल्याला धावता येत नाही असे त्याने तेव्हा ठरवून टाकले आणि पुढची पंचवीस वर्षे तो धावलाच नाही. मैफलीत सोपे असलेले मैदानावर अवघड का होते, हे म्हणूनच नीट समजून घ्यावेसे आम्हाला वाटले.

पाय म्हणजे दोलक

एका दोऱ्याला दगड बांधून दोलक करा. दोऱ्याची लांबी २५ सेंटिमीटर ठेवली, तर एक पूर्ण झोका जवळजवळ १ सेकंदात होतो. लांबी चौपट, म्हणजे १०० सेंटिमीटर केली, की झोक्याला २ सेकंद लागतात. दगड जड की हलका याने फरक पडत नाही. दोलकाचा आवर्तकाल लांबीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो.

चालताना आपला पाय कमरेपासून असाच झुलतो. पाय म्हणजे सारख्या जाडीची काठी आहे असे मानून हिशेब करू. ९० सेंटिमीटर लांबीच्या काठीला एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायला सुमारे पाऊण सेकंद लागतो, म्हणजे मिनिटाला ७७ पावले होतील. ६० सेंटिमीटर लांबीच्या काठीची ९४ होतील. प्रत्यक्षात मोठी माणसे मिनिटाला १०० ते १२० पावले टाकतात. याचे कारण असे, की पायाचे बरेचसे वजन वर मांडीत असते आणि स्नायूही पायाला पुढे ढकलत असतात. आकडे बदलले तरी मुख्य गोष्ट बदलत नाही. आखूड पायाची सहज लय लांब पायापेक्षा जलद असते. मुलाची पावले भराभर पडतात, ती त्याच्या पायाच्या लांबीमुळे. त्याला घाई झालेली असतेच असे नाही.

चालणे कोठे संपते?

आता वेग वाढवू. चालताना एक पाय नेहमी जमिनीवर असतो आणि कंबर त्या पावलाभोवती वर्तुळाच्या कमानीवरून पुढे सरकते. कमानीवरून जाणाऱ्या वस्तूला केंद्राकडे ओढणारे बल लागते. येथे केंद्र म्हणजे पाऊल आणि ओढणारे बल म्हणजे गुरुत्वाकर्षण. वेग फार वाढला, की गुरुत्वाकर्षण पुरे पडत नाही आणि पाऊल जमिनीवरून सुटते. यालाच आपण धावणे म्हणतो.

हे मोजायची एक सोपी रीत आहे. वेगाचा वर्ग करायचा आणि त्याला पायाची लांबी व गुरुत्वीय त्वरण यांच्या गुणाकाराने भागायचे. या संख्येला फ्रूड अंक म्हणतात. विल्यम फ्रूड हे १९व्या शतकातले जहाजांचा अभ्यास करणारे अभियंते. त्यांच्या नावाचा हा अंक प्राण्यांच्या चालीला लावून दाखवण्याचे मोठे काम मॅकनील अलेक्झांडर या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी केले. हा अंक १ झाला, की चालणे अशक्यच होते. पण माणसे त्याच्या बरीच आधी, अंक ०.५ च्या आसपास गेला, की आपोआप धावू लागतात.

९० सेंटिमीटर पायाच्या शिक्षकासाठी ही सीमा ताशी सुमारे साडेसात किलोमीटर येते, तर ६० सेंटिमीटर पायाच्या मुलासाठी सुमारे सव्वासहा किलोमीटर. म्हणजे ताशी सात किलोमीटर वेगाने दोघे निघाले, तर शिक्षक झपाझप चालत असतील आणि मूल धावत असेल. वेग एकच असला तरी दोन शरीरे दोन वेगळी कामे करत असतात.

धावताना पायाचे काम बदलते आणि तो स्प्रिंगसारखा वागू लागतो. पाऊल टेकताना पोटरीला टाचेशी जोडणारी कंडरा आणि तळपायाची कमान ताणली जाते, आणि पाऊल उचलताना ती साठलेली ऊर्जा परत मिळते. एका धावत्या पावलात साठते-सुटते त्या ऊर्जेचा सुमारे एक तृतीयांश भाग या एकट्या कंडरेत साठतो, असे अलेक्झांडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवले. प्रत्येक स्प्रिंगची उसळण्याची स्वतःची लय असते. टांग ओढून लांब केली, की पाऊल शरीराच्या फार पुढे पडते, धक्का बसतो आणि वेगही मोडतो. डोंगरवाटेवर तर सैल दगड आणि मुळे असतात. तेथे आखूड पावले टाकणाराच सावरतो. चढ तीव्र झाला, की पटाईत धावपटूही सरळ चालू लागतात.

श्वासाची दुगुन आणि चौगुन

गाणे आणि धावणे यांचा जवळचा संबंध श्वासात सापडतो. ब्रॅम्बल आणि कॅरियर या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९८३ साली धावणाऱ्या प्राण्यांच्या श्वासांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दौडणारा घोडा एका उडीला एक श्वास घेतो, त्यातून त्याची सुटका नाही. माणूस मात्र दोन पायांवर धावतो, त्यामुळे त्याला मोकळीक आहे. एका श्वासाला दोन पावले की तीन की चार, हे तो बदलू शकतो. तबलजी एका मात्रेत दोन बोल बसवतो ती दुगुन, चार बसवतो ती चौगुन. सपाटीवर आमची चौगुन चालते आणि चढावर ती दुगुनीवर येते. आमच्या बुटक्या सोबत्याच्या बरगडीखाली कळ आली, तेव्हा तो दुसऱ्याच्या पावलांवर स्वतःचा श्वास बसवू पाहत होता, एवढे आम्हाला नंतर कळले.

सर्वांचा ताल केव्हा जमतो?

मग मैफलीत सगळे एकत्र कसे येतात? ताल धरणारा माणूस पुढची मात्रा केव्हा येणार याचा अंदाज बांधून हात टाकत असतो. सुमारे अर्ध्या सेकंदाच्या अंतराने हे सर्वांत सोपे जाते. आपली चालण्याची पावलेही साधारण याच अंतराने पडतात. अंतर दोन सेकंदांच्या पुढे गेले, की अंदाज चुकू लागतो. अतिविलंबित एकतालात मात्रा याहूनही लांब असू शकते. तेव्हा तबलजी मधली जागा ठेक्याच्या बोलांनी भरतो आणि आपण त्या आधाराने समेपर्यंत पोचतो.

वेगाच्या दुसऱ्या टोकाला काय होते, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून दिसते. रुमानिया व हंगेरीतल्या नाट्यगृहांत कार्यक्रम संपल्यावरच्या टाळ्या शास्त्रज्ञांनी ध्वनिमुद्रित केल्या. सुरुवातीचा कडकडाट विस्कळीत असतो. मग अचानक सगळे एका तालात टाळ्या वाजवू लागतात, आणि त्या वेळी प्रत्येकाचा टाळ्यांचा वेग जवळजवळ निम्मा झालेला असतो. जलद टाळ्यांत माणसामाणसांच्या गतीत फार फरक असतो, संथ टाळ्यांत तो कमी होतो, म्हणून ताल जुळतो. उत्साह वाढून वेग चढला, की ताल पुन्हा मोडतो.

पंढरीच्या वाटेवरच्या दिंडीत हेच दिसते. म्हातारी माणसे आणि लहान पोरे टाळ-मृदंगावर एका तालात पाऊल टाकतात, कारण चाल संथ असते. तीच माणसे धावत सुटली, तर प्रत्येक जण आपापल्या लयीत जाईल. संथ लय सर्वांची होऊ शकते, जलद लय मात्र ज्याची त्याचीच राहते.

मैदानावर करून पाहा

१. प्रत्येक मुलाच्या पायाची कमरेपासून जमिनीपर्यंतची लांबी मोजा. सहज चालताना मिनिटाला किती पावले पडतात ते मोजून आलेख काढा. सर्व बिंदू एका रेषेवर येणार नाहीत, पण कल दिसतो का ते पाहा.

२. उंच आणि बुटक्या मुलांच्या जोड्या शेजारी शेजारी चालवा आणि वेग हळूहळू वाढवा. आधी कोण धावू लागते?

३. वर्गाला एकत्र टाळ्या वाजवायला सांगा, आधी संथ, मग जलद. ताल कोणत्या वेगाला मोडतो?

४. धावताना एका श्वासाला आपली किती पावले पडतात, ते प्रत्येकाने मोजावे. उत्तरे वेगवेगळी येतील आणि ती सर्व बरोबर असतील.

कवायत एकत्र करून घ्यायला आमची हरकत नाही. ती संथ असेल, तर दिंडीइतकीच सुंदर दिसते. धावण्याच्या तासाला मात्र मुलाची तुलना त्याच्या गेल्या महिन्याच्या वेळेशी करावी, शेजारच्या मुलाच्या टांगेशी करू नये. आमचा बुटका सोबती आता गडावर आमच्या तिघांत शेवटी पोचतो. वर बसलेल्या आम्हा दोघांना त्याची भराभर पडणारी पावले दिसण्याच्या आधी ऐकू येतात, आणि ती एका लयीत असतात.