पंगतीचे कोडे आणि सुभाष खोत

गावात लग्न आहे. साठ पाहुणे आले आहेत. मांडवात दोन पंगती बसवायच्या आहेत. पण काही पाहुण्यांचे आपसात पटत नाही. कोणाचे भांडण बांधावरून, कोणाचे देण्याघेण्यावरून. भांडणाऱ्यांच्या जास्तीत जास्त जोड्या वेगळ्या पंगतीत बसल्या पाहिजेत. मग कोणाला कुठे बसवाल?

तुम्ही म्हणाल, "त्यात काय मोठं हाय?" तर मग हिशेब करू या.

पाहुणे दोन असले, तर बसवण्याचे प्रकार ४ होतात. तीन असले तर ८. दहा असले तर १,०२४. एक पाहुणा वाढला की आकडा दुप्पट होतो. साठ पाहुण्यांचा हिशेब संगणकाला दिला, आणि त्याने दर सेकंदाला १ कोटी प्रकार तपासले, तरी सगळे तपासायला साडेतीन हजारांहून जास्त वर्षे लागतील! तोवर वरण-भात कोण राखून ठेवील?

अशा कोड्यांची सोपी रीत शोधणे, हे काही संगणकशास्त्रज्ञांचे काम आहे. सुभाष खोत हे त्यांतले एक.

खोत यांचा जन्म १९७८ साली इचलकरंजीला झाला. हे गाव कोल्हापूर जिल्ह्यात आहे. आपल्या अकोला-अमरावतीकडे कापूस पिकतो, तिकडे मागावर कापड विणतात. शाळेत असतानाच त्यांनी जगातल्या मुलांच्या गणित-स्पर्धेत दोनदा रौप्यपदक मिळवले. पुढे ते मुंबईच्या आयआयटीत शिकले. मग अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्क विद्यापीठात प्राध्यापक झाले.

आता पुन्हा पंगतीकडे येऊ. अगदी बरोबर उत्तर मिळत नसेल, तर जवळपासचे चालेल का? १९९४ साली दोघा शास्त्रज्ञांनी तशी एक झटपट रीत काढली. उत्तम मांडणीत १०० जोड्या वेगळ्या होत असतील, तर या रीतीने निदान ८७ होतात.

मग ८८ का नाहीत? इथे खोत यांचे काम येते. २००२ साली त्यांनी एक अंदाज मांडला. काही कोड्यांचे जवळपासचे उत्तर काढणेसुद्धा फार अवघड आहे, असा तो अंदाज. २००४ साली त्यांनी तिघा सोबत्यांसह दाखवून दिले, की हा अंदाज खरा असेल तर ८८ ची हमी देणाऱ्या झटपट रीतीची आशाच सोडावी.

हा अंदाज अजून पुरता सिद्ध झालेला नाही. खोटाही ठरलेला नाही. पण त्यातून पुष्कळ नवे ज्ञान निघाले. म्हणून २०१४ साली खोत यांना नेवानलिना पारितोषिक मिळाले. या शास्त्रातला तो फार मोठा मान आहे.

"होत नाही, हे कळून काय फायदा?" असे कोणी विचारील. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हे सांगायला नको. इथे गोडे पाणी लागणार नाही, हे आधीच कळले तर विहिरीचा खर्च वाचतो. माणूस दुसरी सोय पाहतो. ज्ञानाचेही तसेच आहे.

करून पाहा : तीन पाहुणे आहेत. तिघांचेही एकमेकांशी पटत नाही. पंगती दोनच आहेत. भांडणाऱ्या किती जोड्या वेगळ्या बसवता येतील?