बाहेरचे आटे

‘कंपनीचा की लोकल?’ हा प्रश्न आमच्या चिकलठाणा एमआयडीसीत रोज विचारला जातो. कंपनीचा बोल्ट महाग, बाहेरचा स्वस्त. आटे जुळले की काम भागतं. हाच प्रश्न डीएनए वाचणाऱ्या प्रयोगशाळेत भेटेल असं वाटलं नव्हतं.

संपादकांनी पाठवलं होतं वेगळ्याच कामाला. २०२० मध्ये चिकलठाण्यातल्या मेल्ट्रॉनच्या इमारतीत कोविड रुग्णालय थाटलं गेलं. पुढे ‘नमुने जिनोम सिक्वेन्सिंगसाठी पुण्याला’ हे वाक्य पेपरात येत राहिलं. डिसेंबर २०२० मध्ये विषाणूचा जिनोम वाचणाऱ्या दहा प्रयोगशाळांचा ‘इन्साकॉग’ गट झाला. त्यात पुण्यातल्या एनआयव्ही आणि एनसीसीएस या दोन. माझी शंका साधी होती: गावोगावचे नमुने एकाच नळीत ओतून वाचतात, मग आमचा कोणता हे कळतं कसं?

पिनकोडने. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी १९७२ मध्ये टपालाला सहा आकडे दिले. इथे डीएनएच्या तुकड्याला दोन्ही टोकांशी आठ-दहा अक्षरांचा इंडेक्स मिळतो. तो वाहून आणणारा तुकडा म्हणजे अडॅप्टर. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये खळग्यागणिक वेगळी जोडी.

पुण्यातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत तासभर मी हे अडॅप्टर भरणारा रोबोटच बघत बसलो. पिपेटच्या आठ टिपा एकदम खाली येतात, फॉइल टचकन फुटतं, थेंबाहून कमी द्रव उचलला जातो. हात कापत नाही, कंटाळत नाही. पण अक्कलही नाही. बाहेरच्या पुरवठादाराची प्लेट दोन मिलिमीटर खोल निघाली, तर टिपा हवा ओढतात आणि रोबोट निमूट पुढच्या रांगेकडे सरकतो.

‘‘तो तक्रार करत नाही सर, हीच तक्रार आहे,’’ तिथल्या टेक्निशियन मॅडम म्हणाल्या.

बाहेरचे अडॅप्टर स्वस्त, म्हणून घेतले जातात, घ्यावेतही. पण त्यांची तीव्रता वेगळी असली आणि रोबोटच्या प्रोग्रॅममध्ये जुनाच आकडा राहिला, तर जास्तीचे अडॅप्टर एकमेकांनाच चिकटतात. मग मशीन नमुना सोडून ही रिकामी पाकिटं वाचत बसतं. शिवाय दोन रंगांच्या उजेडावरून अक्षरं ओळखणाऱ्या मशीनमध्ये ‘जी’ हे अक्षर उजेडच देत नाही. मोजकेच नमुने असले आणि सगळ्यांचे इंडेक्स ‘जीजी’ने सुरू झाले, तर कॅमेऱ्यापुढे अंधार.

मॅडमना सर्वांत छळलं ते मात्र कागदाने. दुसऱ्या टोकाचा इंडेक्स काही मशीन सरळ वाचतात, काही उलट्या बाजूने, जोडीदार अक्षरांत. पुरवठादाराच्या यादीत एक रूप, मशीनला हवं दुसरं. रन नीट झाला, अक्षरं स्वच्छ आली; नमुन्यांच्या फाइली मात्र जवळपास रिकाम्या. सगळं ‘अनडिटरमाइंड’ नावाच्या एकाच फाइलीत, पत्ता न लागलेल्या टपालासारखं.

‘‘मग?’’

त्यांनी वहीचं पान फिरवलं. वर पेन्सिलीने ‘एएसीजीटीटीजीसी’, खाली ‘जीसीएएसीजीटीटी’. अशा ९६ ओळी. त्या रात्री संगणकावर विश्वास उरला नव्हता, म्हणून हाताने उलटवलेल्या.